माळावरचा रविवारचा बाजार

मंडळी, ऐका. मागचे जरा पुढं सरका, जागा आहे. आज एकच सवाल घेतलाय — सरकारनं माणसाला पक्कं घर दिलं, म्हणजे त्याचं भलं झालं का? मृदंगवाले बुवा मान हलवतायत. हलवू द्या. त्यांचं घरकुल अजून मंजूर व्हायचंय.

तर एक तालुक्याचं गाव. गावाच्या पोटातून ओढा वाहतो, काठाला बुरुडांची आळी. तिथं हौसाबाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पदरात एक लेक — शेवंता. बांबू फोडायचा, कामट्या काढायच्या, सुपं आणि दुरड्या विणायच्या. दारातनंच बाजाराचा रस्ता. जाता-येता बाया थांबायच्या. "हौसाक्का, लग्न काढलंय, सुपं लागतील हं." झाला धंदा. दार उघडून बसलं की झालं.

पण ओढा! दर पावसाळ्यात घरात यायचा. पाहुण्यासारखा यायचा, आणि काही पाहुण्यांसारखा लवकर जायचाच नाही. एका साली पाणी इतकं चढलं, की शेवंता आढ्याला धरून बसली. तेव्हापासून ढग दिसला की पोरीला घास उतरायचा नाही.

मग तांबोळी नावाचे साहेब आले. तुम्हाला वाटेल, आता हा कीर्तनकार साहेबाला झोडपणार. नाही. माणूस सज्जन होता. चिखलात उभं राहून त्यानं आळी बघितली, वरच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि गावाबाहेर माळावर घरं उभी केली. स्लॅबची. नळ, संडास, दाराला कडी. धंदा चालावा म्हणून समोर बाजाराचे ओटे, वर पत्र्याची शेड. नारळ फुटला, भाषणं झाली, आळी तिकडं राहायला गेली. त्या पावसाळ्यात शेवंता पोटभर जेवली.

मग घोटाळा कुठं झाला? कुठंच नाही. सगळं नियमानं झालं. फक्त माळावर गिऱ्हाईक नव्हतं.

हौसाबाई ओट्यावर सुपं मांडून बसायची. समोर शेळ्या. शेळी सूप विकत घेत नाही, मंडळी. फुकट मिळालं तर खाते.

साहेबांना काळजी लागली. त्यांनी शहरातनं बाई आणली, तिनं बांबूचे शोभेचे दिवे करायला शिकवलं. हौसाबाईनं केले. सगळे कचेरीनं घेतले. अजून तिथं टांगलेत. त्यांत बल्ब लावायची मंजुरी यायची आहे.

शेवटी हौसाबाई उठली. म्हणाली, "शेवंते, ओढ्याकडं जाऊ परत."

शेवंता म्हणाली, "आई, मी नाही येणार. मला इथं झोप लागते."

आता काय बोलायचं? लेकीचं खोटं होतं का? आईचं खोटं होतं? हौसाबाईनं कोयता घेतला, बांबू खांद्यावर टाकला आणि एकटी निघाली. काठाला ताडपत्रीचं खोपटं घातलं. बाया पुन्हा थांबायला लागल्या.

नियम असा, की घर ज्याच्या नावाचं त्यानं त्यात राहायचं. साहेब स्वतः खोपटापाशी आले. बूट काढून बसले.

"मावशी, घरात काही कमी आहे का?"

"नाही साहेब. घर लई चांगलंय. वाईट असतं तर सोडताना इतकं जड गेलं नसतं."

साहेब म्हणाले, "मी भिंत बांधली, ओटा बांधला. गिऱ्हाईक कुठल्या योजनेत बसवू?"

हौसाबाईला त्या माणसाची कीव आली. तिनं त्याला चहा दिला.

मग साहेबांनी गाव गोळा केलं, देवळात. हात जोडले. "दर रविवारी माळावर बाजार भरवू. आपण आलात तर ही माणसं जगतील. कोण कोण येणार?" सगळे हात वर. म्हाताऱ्यांनी तर दोन-दोन वर केले.

रविवारी आळीतल्या बायांनी ओटे सारवले. शेवंतानं आईला खोपटातनं बोलावून आणलं. दोघी शेजारी बसल्या, कितीतरी दिवसांनी. ऊन डोक्यावर आलं, कललं. माळावर कोण आलं? साहेब आले. साहेबांची बायको आली. तिनं दोन सुपं घेतली, एक दुरडी घेतली, आणि डोळ्याला पदर लावला. बाकी गाव? गावाला काम निघालं होतं.

पुढं साहेबांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, योजना पूर्ण झाली आहे. खरंच होती. आळीतली निम्मी माणसं वीटभट्टीवर गेली. शेवंता माळावर, हौसाबाई काठाला. आता आभाळ भरून यायला लागलंय, आणि पोरगी पुन्हा ताटावरनं उठते — आता आईच्या काळजीनं.

गावाचं नाव मी सांगितलं नाही. गरज नाही. ओढा या देवळाच्या मागनंच वाहतो, आणि हात वर झाले ते याच मंडपात.

सरकारला हात असतात, मंडळी — बांधायला. पाय तुमचे लागतात. देवाचं नाव घ्या आणि उठा. उद्या रविवार आहे, माळावरचे ओटे तिथंच आहेत. कोण येणार, असं मी विचारत नाही. हात खालीच ठेवा. चपला बाहेर आहेत.