चौथं बटण

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या स्टुडिओचे नवे मालक माननीय साहेब, त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या आजच्या प्रमुख पाहुण्या, ज्यांना अख्खा स्टुडिओ नुसतं 'बाई' म्हणतो त्या आपल्या बाई, सत्कारमूर्ती अंधारकाका, काकू आणि समोर बसलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातलं एक हा माईक सरळ करण्यात गेलं.

ज्यांची माझी ओळख नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनी फिल्म पिवळी पडली, तिच्यावर ओरखडे आले, की ती माझ्या टेबलावर येते. मी तिचे रंग दुरुस्त करते. काकांनी एकेचाळीस वर्षं याच फ्लोअरवर दिवे लावले आणि नाव मात्र कमावलं अंधाराचं. का? तर उजेड कुठे पडू द्यायचा नाही हे ते आधी ठरवायचे, आणि मग पहिला दिवा उचलायचे.

काकांची एक सवय जुन्या मंडळींना आठवत असेल. शॉट झाला, की ते फ्लोअरचे मोठे दिवे लावायचे. पण खटका दाबण्याआधी मोठ्याने हाक द्यायचे, "बाई, उजेड येतोय." मग तीनपर्यंत मोजायचे. अंधारात बसलेल्या बाईला शाल ओढून घ्यायला तेवढा वेळ पुरतो. मोठी नटी असो की गर्दीत उभी राहणारी मुलगी, हाक सारखीच. एका दिग्दर्शकाने एकदा घाईघाईत स्वतःच खटका दाबला. काकांनी उरलेला दिवस एकही दिवा लावला नाही. मोठमोठ्याने ओरडणारा तो माणूस संध्याकाळपर्यंत अगदी गोगलगाय झाला होता.

हसा, हसा. मलाही हसायचंच होतं आज.

आता त्या दृश्याबद्दल. बाईंच्या सिनेमातलं ते चाळीस सेकंदांचं दृश्य इथे कोणाला पाठ नाही? खोलीत एकच दिवा, तोही पडद्याआड. बाई पाठमोऱ्या. मानेवरचे केस बाजूला होतात, हात मागे येतो, एक बटण, दुसरं, तिसरं. हात चौथ्याकडे जातो आणि तिथे काकांचा अंधार सुरू होतो. माझे वडील शपथेवर सांगायचे, की त्यांनी पुढचं सगळं पाहिलंय. बाईंच्या पाठीवर तीळ आहे म्हणायचे! माझा सख्खा काका म्हणायचा, तीळ डावीकडे आहे. दोघे भाऊ त्यावरून आठवडाभर बोलत नव्हते. माझी आई म्हणायची, मी तर फक्त तिचा हात पाहिला, आणि मलाच घाम फुटला.

मी काही सोवळ्यातली बाई नाही. कपडे कमी झाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली तर मुळीच नाही. पण हल्लीचं एक गाणं मी अंधारकाकांना दाखवलं होतं. त्यात झाकलेलं असं काही नव्हतंच. काकांनी विचारलं, "ही मुलगी बघतेय कुणाकडे?" मी म्हटलं, "कॅमेऱ्याकडे." "तेच म्हणतोय मी," काका म्हणाले, "त्या खोलीत दुसरं कुणी नाहीच. आणि तीही नाही गं, नुसतं तिचं अंग आणून ठेवलंय." त्या दिवसापासून माझ्यापुरता हा वाद मिटला. शृंगारात बाई हजर असते. हात तिचा, बटण तिचं आणि कुठे थांबायचं तेही तिच्या मर्जीवर. मांडून ठेवलेल्या अंगाला मर्जी कुठली?

अध्यक्षांकडून चिठ्ठी आली आहे. "आवरतं घ्या." घेते, साहेब. मुद्द्यावरच येतेय.

दोन महिन्यांपूर्वी हा सिनेमा माझ्याकडे आला. साहेबांचा निरोप असा, की तो अंधार उजळायचा. नवं मशिन ते करतं. फिल्मवर उतरलेलं पण कधी कोणाला न दिसलेलं वर काढतं. जाहिरातही आधीच गेली होती, 'अंधारात काय होतं, आता पाहा.' मी अंधार उजळला. खोटं कशाला बोलू, मलाही उत्सुकता होती. वडिलांचा तीळ दिसणार होता ना!

काय निघालं असेल? स्वेटर निघाला. खांद्याच्या बोटभर खालपासून कमरेपर्यंत गुंडाळलेला काकांचा जाडाभरडा तपकिरी स्वेटर. फ्लोअरवर थंडी होती म्हणून बाईंना दिलेला. आणि बटणं मोजली तर तीनच. चौथं बटण नव्हतंच कधी. ते माझ्या वडिलांनी पाहिलं, माझ्या सख्ख्या काकाने पाहिलं, तुम्ही पाहिलंत. मी त्या टेबलाशी बसून हसले आणि मग रडले. इतकी सुंदर गोष्ट मी या कामात दुसरी पाहिलेली नाही.

साहेब हसले नाहीत. "स्वेटर बघायला कोण येणार?" म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "स्वेटरच्या जागी अंग मशिनकडून भरून घे. तिचे त्या वयाचे फोटो पाठवतो. चेहरा तिचाच हवा." मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या कुलपाला माझी किल्ली लागेना. तेव्हापासून आत कोण बसतं मला ठाऊक नाही. काचेआडून मशिनचा आवाज मात्र रोज येतो.

कृपया कोणी उठू नका. माईकही चालू राहू द्या. थोडंच राहिलंय.

आज सकाळी तयार झालेला सिनेमा प्रोजेक्टरच्या खोलीत पोचला. डबीवर प्रत्येक दृश्याची लांबी लिहिलेली असते. चाळीस सेकंदांचं ते दृश्य आता तीन मिनिटांचं आहे. दोन मिनिटं वीस सेकंद कुठून आली, बाई? मघाशी चहाच्या वेळी मी आपल्याला विचारलं, की तुम्ही पाहिलंत का. आपण म्हणालात, "अगं, नुसतं स्वच्छ केलंय म्हणे." मी मान डोलावली आणि कप ठेवायला निघून गेले. आपली नात तिसऱ्या रांगेत शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरून बसली आहे, आजीसाठी.

मागच्या खिडकीत हिरवा दिवा लागलाय. म्हणजे प्रोजेक्टर तयार आहे. माझं भाषण संपलं की इथे अंधार होईल आणि सिनेमा सुरू होईल. काका, तुमचा खटका आता भिंतीवर नाही, दिवे साहेबांच्या फोनवर चालतात. तुमच्या मांडीवर पुष्पगुच्छ आहे आणि तुम्ही तो चुरगाळताय, मला दिसतंय. एकेचाळीस वर्षं तुम्ही बाईंना सांगितल्याशिवाय त्यांच्यावर उजेड टाकला नाहीत. आज तुमच्याच निरोपाच्या दिवशी, तुमच्याच फ्लोअरवर तो पडणार आहे.

संयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांची मी ऋणी आहे. उद्या मी इथे नसेन, तेव्हा सगळ्यांचे आभार आजच मानून घेते. बोलण्यात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आधी सांगायला हवं होतं ते आत्ता सांगितलं, ती चूक मात्र माफ करू नका.

आणि काका, हक्क तुमचा आहे, पण माईक माझ्याकडे आहे, म्हणून मी हाक देते. मी तीनपर्यंत मोजेन. तेवढ्यात उठायचं, नातीचा हात धरून बाहेर पडायचं की इथेच उभं राहून 'बंद करा' म्हणायचं, ते बाईंच्या मर्जीवर.

बाई, उजेड येतोय.