चाळीस टक्के

— नाही, आता बोलायचं नाही. तोंड उघड, अजून, अजून थोडं — बास. ट्रे बसला. ओठ सैल सोड आणि नाकाने श्वास घे, घशात काही जात नाहीये, सगळ्यांना तसंच वाटतं. हे मिश्रण घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात, आणि तोवर जीभ हलवलीस तर माप बिघडतं, मग कवळी टोचते, आणि मग तू गावभर मला नावं ठेवत फिरशील. बावीस वर्षं या दवाखान्यात कवळ्या बनवतेय मी, दादा. डॉक्टरीणबाई दात काढून मोकळ्या होतात, पुढचं सगळं माझ्याकडे. तेव्हा गप्प बस. सख्ख्या बहिणीसमोर सलग चार मिनिटं गप्प बसायची तुझी ही पहिलीच वेळ असेल.

रविवारी बरा सुटला होतास जेवताना. माझ्या नवऱ्याला म्हणालास, हिच्या पगाराचे चाळीस टक्के निवृत्तीच्या फंडात जातात, तुम्हाला ठाऊक नाही? — नव्हतं ठाऊक. आठ वर्षं नव्हतं. हातात येतो तेवढाच माझा पगार, असं समजून चालले होते ते, आणि मी समजू देत होते. चूक माझीच. फॉर्मवर साक्षीदाराची सही लागते, परक्याकडे कशाला जा, आपला दादा आहे की — असं म्हणून दरवर्षी तुझ्याच पुढ्यात तो कागद ठेवत गेले. आणि तू सही करायच्या आधी आकडा वाचायचास. सगळे नुसती सही करतात, तू वाचायचास. रविवारपासून हे माझ्याशी बोलत नाहीयेत. चार दिवस. ताट घेऊन खिडकीपाशी जाऊन बसतात, माझ्याकडे पाठ करून. आणि पोरगा — तो तर बोलतोय, फार गोड बोलतोय, दिवसातून तीनदा आई आई करतोय, कारण त्याला घर घ्यायचंय आणि पहिला हप्ता कमी पडतोय.

आणि आज तू कवळीचं माप द्यायला आलास तर खिशात काय घेऊन आलास? नवा फॉर्म. पेन्सिलीने पंधरा लिहून. म्हणजे मी वरून फक्त पेन फिरवायचं. केवढी ती काळजी. पंधरा टक्के पुरे, म्हणतोस, नऊ वर्षं नोकरी राहिलीय, आणि तुला कर्ता मुलगा आहे, तुला काय कमी पडणार. तुला बोलायला काय जातं रे? तुला पेन्शन आहे. पहिल्या तारखेला आपोआप येते, न मागता. आजच संध्याकाळी आकडा द्यायचाय मला हिशेबनिसाकडे, एकदा दिला की वर्षभर बदलत नाही, हे तुला माहीत होतं म्हणूनच आजची वेळ घेतलीस ना? — मान हलवू नकोस म्हटलं ना. हलव नंतर.

मान्य आहे, घरात ओढाताण होते. मी आंधळी नाही. ह्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, मशीन घ्यायचंय, गेलं वर्ष-दीड वर्ष चाललंय. मी म्हणते पुढच्या महिन्यात बघू. काय मरत नाही कोणी मशीनवाचून, डावा कान आहे की. मी काय साड्या घेतल्या त्या पैशांतून? कुठे फिरायला गेले? तीच चप्पल, तोच डबा, तीच सव्वाआठची बस. — थांब. झालं बहुतेक. तोंड मोठं कर. आलं. हे बघ, वरचं माप कसं स्वच्छ आलंय. चूळ भर. भरली? नाही, बोलू नकोस, खालचं राहिलंय, पावडर कालवून झालीय आणि ती तुझ्यासाठी थांबत नाही. उघड.

तर आई. नाही, डोळे मिटू नकोस, आईचं नाव काढलं की तुझे डोळे मिटतात. तीस वर्षं शिवणाच्या कारखान्यात काजं केली तिने. रिटायर झाली तेव्हा जे काही एकरकमी मिळालं, ते सगळं, शेवटच्या पैशापर्यंत, तुझ्या घराच्या वरच्या मजल्यात घातलं. मी समोर होते. म्हणाली, माझा मुलगा आहे, मला काय कमी पडणार. तू आज जे बोललास ना, अगदी तेच. आणि मग त्याच मजल्यावर, मागच्या खोलीत, ती सात वर्षं राहिली, आणि रिक्षाचे पैसे मागायचे तरी आधी वहिनीचा चेहरा बघायची.

कवळी तिची तुझ्याकडे असतानाच फुटली. धुताना बेसिनमध्ये पडली, दोन तुकडे. रुमालात बांधून ठेवले होते तिने, जपून, कोणी रागावेल म्हणून. तुझ्याकडे मागितली नवी, एकदा नाही, तीनदा. वहिनी म्हणाली पुढच्या महिन्यात बघू. — हो, कळलं मला, आत्ता मीही तेच म्हणाले. बघू नकोस माझ्याकडे असा. माझं वेगळं आहे. ते चालते-फिरते आहेत, कमावते आहेत, आणि — वेगळं आहे ते. जीभ खाली.

दीड वर्ष ती भात कुस्करून खात होती, दादा. एकदा आली होती इथे, याच खुर्चीत बसली होती, म्हणाली, एक सफरचंद चावून खाईन म्हणते. एवढंच म्हणाली. आणि मी — मिश्रण इथे होतं. ट्रे इथे होते. मेण मऊ करायचा दिवा पेटलेला होता. चार मिनिटांचं माप आणि माझी दोन संध्याकाळींची मेहनत. तुला माहितीय मी काय म्हणाले तिला? म्हटलं, मजुरी मी सोडते, पण सामानाचे पैसे दादाकडून घेऊन ये. त्याने तुझं सगळं घेतलंय, एवढं तर त्याने द्यावं. मला तुला धडा शिकवायचा होता. तुझ्या खिशातून काढायचे होते ते, तत्त्वाचा प्रश्न होता म्हणे माझा. सामान कितीचं होतं? एका महिन्याच्या दुधाएवढंही नव्हतं. ती बरं म्हणाली. पदर नीट केला आणि गेली. परत काही तिने विषय काढला नाही, तुझ्याकडेही काढला नसेल. मग गेलीच. मी पोचले तेव्हा गाल इतके आत गेले होते की क्षणभर मला वाटलं, मी चुकीच्या खोलीत आले.

तू नाही दिलीस ते ठीक आहे. तू कारकून माणूस. पण मी तिच्या पोटची पोर, हातात हाच धंदा, रोज परक्या लोकांची तोंडं भरते — मी नाही दिली. आणि मी काही वाईट मुलगी नव्हते रे. तिला भेटायला जायचे, पाय चेपून द्यायचे. तरी नाही दिली. मग सांग, माझा पोरगा मला काय देणार आहे? तोही वाईट नाहीये. तोही पाय चेपेल.

म्हणून चाळीस. पंधरा नाही, पंचवीस नाही. ह्यांनी खुशाल आयुष्यभर खिडकीपाशी बसून जेवावं, चाळीस.

झालं. उघड. आलं, चांगलं आलंय. — नाही, काही बोलू नकोस. तू काय बोलणार ते मला माहितीय, आणि रडायचं असेल तर घरी जाऊन रड. चूळ भर, हनुवटीला लागलंय ते पूस. कवळी पंधरा दिवसांनी. पैसे बाहेर काउंटरवर, पूर्ण, आजच. भरल्याशिवाय मी काम हातात घेत नाही. कोणाचंच घेत नाही. ऊठ, बाहेर माणसं बसलीत.