रावबहादुरांमागचा हिरवा पडदा

नाही, ही चिठ्ठी परत न्या. 'दोन मिनिटांत आटपा' असं मी उभा राहायच्या आधीच लिहून ठेवलंत, हे बरं नव्हे. आता झालंच आहे तर रीतसर सुरुवात करतो.

आदरणीय अध्यक्ष महोदय, मुंबईहून खास आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेलं कार्यकारी मंडळ, आज निवृत्त होणारे आपल्या वाचनालयाचे चिटणीस भाऊसाहेब, आणि वड्यांच्या वासाकडे कान लावून बसलेल्या महाडकर बंधुभगिनींनो,

मी अश्वजित, कापडे गावचा. इंग्रजांच्या काळातली चित्रं तपासायला मुंबईत शिकलो. कापड कुठलं, रंग कसला, कुठला थर आधीचा, एवढंच आमचं काम. संस्थापक रावबहादुरांचं तैलचित्र पाहायला मला भाऊसाहेबांनीच बोलावलं. शताब्दीच्या स्मरणिकेत 'शास्त्रीय तपासणी झालेले चित्र' असं छापायचं होतं. तपासणी झाली. छापलं मात्र नाही.

पहिल्याच दिवशी मी कापसाच्या बोळ्याला थुंकी लावून एक कोपरा पुसला. जगभर असंच पुसतात, जुन्या रंगाला थुंकी सोसते. इथे तातडीची सभा भरली. आक्षेप थुंकीला होता की थुंकणाऱ्याला, हे इतिवृत्तात स्पष्ट नाही.

असो. भाऊसाहेबांच्या तीस वर्षांच्या सेवेबद्दल ते चित्र भरभरून बोलतं. दर पुण्यतिथीला, काच नसलेल्या त्या चित्राला खोबरेल तेलाचा हात आणि रावबहादुरांच्या कपाळी गंध. भिंगाखाली ते कपाळ पाहिलं, तर आपला आंबेनळी घाट सपाट वाटेल.

आणि तो मागचा हिरवा पडदा. सगळ्या चित्राला भेगा, पडद्याला एक नाही. माणूस शंभर वर्षांचा आणि पडदा पंधरा वर्षांचा, असं कसं? एके ठिकाणी टवका उडाला होता. खाली डोळा दिसला. रावबहादुरांवर छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाचा. चिताऱ्याने रावबहादुरांचा कोट घाईत उरकलाय. या डोळ्यापाशी मात्र तो थांबलाय, बारीक कुंचला घेऊन.

मी ठमामावशींना विचारलं. मावशी चाळीस वर्षं इथे झाडतात. त्या बघा, दाराशी उभ्या आहेत. खुर्च्या राखीव आहेत ना. सत्त्याऐंशी सालच्या पुण्यतिथीला भाऊसाहेबांना उशीर झाला, म्हणून गंध मावशींनीच लावलं, कुंकवाचं. दोघांना. मला म्हणाल्या, "मेलेला मानूस तो मेलेला. त्याला लावायचा नि ह्याला नाय, असा कसा रे?"

त्याच आठवड्यात खिडक्यांचा उरलेला ऑईलपेंट मागच्या माणसावर चढला. हे भाऊसाहेबांनी नाकारलं नाही. म्हणाले, "अरे, उद्या लोक त्यालाही हार घालतील."

त्या हिरव्या थराखाली कुंकवाचा ठिपका अजून आहे. रावबहादुरांवर तीस थर, त्याच्यावर एक.

उद्या सकाळी पडद्यावर नवा हात आणि वरून फर्निचरचं पॉलिश मारायचा ठराव झालाय. मग खालचा माणूस कुणालाच सोडवता येणार नाही. मी तीन अर्ज दिले, उत्तर नाही. आता, कागद वाचून सही केली असा आरोप भाऊसाहेबांवर तीस वर्षांत कुणी केलेला नाही. म्हणून परवा मांडववाल्याच्या आणि हारवाल्याच्या कागदांत माझा चौथा अर्ज ठेवला: चित्र तपासणीसाठी मुंबईला न्यायची परवानगी. सही सुरेख आली. शिक्काही.

तेव्हा मागच्या खोलीत चित्र म्हणून धोतरात गुंडाळून ठेवलाय तो कॅरमबोर्ड आहे. चित्र दुपारीच आपल्या अजमलभाईंच्या टेंपोतून निघालं, एव्हाना पनवेल गाठलं असेल. अजमलभाईंनी एवढंच विचारलं, "मागचा माणूस पण येतोय ना?" येतोय म्हटलं.

बसा भाऊसाहेब, शाल घसरेल. आपल्याला दीर्घायुष्य लाभो. बोलण्याची संधी दिलीत, आभारी आहे. कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला. तो पेंट काढायला सहा महिने लागतील. त्याच्या कपाळावरचं कुंकू आमच्या शास्त्रात मळ धरतात. तेवढा मळ मी ठेवणार आहे.

येतो. मावशी, दार उघडा.