पहिली हाक थोरलीची

(हाँगकाँग. अंत्यविधीची खोली, सकाळ. शवपेटी अजून उघडी आहे. पेटीत आई. जवळ आ-लिन आणि तिची थोरली बहीण, गायिका सिन-यी.)

आ-लिन: थोरलीनं विलाप सुरू केल्याशिवाय बाकीच्यांनी तोंड उघडायचं नसतं. हे आता मी तुला शिकवू?

सिन-यी: तूच कर ना. आईजवळ होडीवर चाळीस वर्षं तू राहिलीस.

आ-लिन: राहिले म्हणून थोरली झाले होय? मावश्या बघ, केव्हाच्या तुझ्या तोंडाकडे बघत बसल्यात. दहाला पेटी बंद होईल.

सिन-यी: लिन, बाहेर बातमीदार आहेत. लांबची मावशी गेली, असं सांगून आत आलेय मी.

आ-लिन: वा! जपानीत गातेस, इंग्रजीत गातेस, तैवानला गेलीस की मँडरिनमध्ये, मलेशियात मलायसुद्धा. आईपुरताच घसा बसला?

सिन-यी: मार टोमणे, ऐकून घेते. पण विलापात 'आई' म्हणून हाक मारावी लागते. आणि माझी आई मी सात वर्षांची असताना वारली. प्रत्येक मुलाखतीत मीच सांगितलंय तसं.

आ-लिन: माहितीये. वान-चायच्या शिंप्याची लेक तू.

सिन-यी: रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, होडीवाल्यांच्या पोरीची गाणी कोण घेणार? एकोणीस वर्षांची होते गं मी.

आ-लिन: तेव्हा मी काही बोलले नाही. आता एकोणसाठची झालीस, तरी शिंप्याचीच?

सिन-यी: आई कधी काही म्हणाली?

आ-लिन: तुझ्या पहिल्या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी एक बातमीदार होडीवर आला होता. कुणीतरी खबर दिली असणार. आई मासे साफ करत होती. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मला एकच मुलगी, ही." चार सुके मासे बांधून दिले नि लावलं त्याला वाटेला.

सिन-यी: हे मला कधी सांगितलं नाहीस.

आ-लिन: सांगू नको म्हणाली. त्या दिवशी जेवली मात्र नाही.

सिन-यी: ...लाज वाटते गं माझी मलाच.

आ-लिन: वाटू दे. पण गा.

सिन-यी: शब्द आठवत नाहीत.

आ-लिन: पाठ केलेले शब्द असतात का त्याला? जे घडलं ते सांगायचं. आधी आपलं नाव घ्यायचं, होडीवरचं. म्हणजे जाणाऱ्याला कळतं, कोण आलंय.

सिन-यी: बातमीदार दाराशीच आहेत?

आ-लिन: दाराशीच. दार लावून घेऊ?

सिन-यी: नको. उघडं असू दे.

आ-लिन: मग हळू गा हवं तर.

सिन-यी: हळू नाही आता... आई गंऽ... मी सुई-मुई आलेय... तुझी थोरली, होडीवर जन्मलेली... तू जिवंत होतीस गं आई, आणि मी तुला मारून टाकलं...

आ-लिन: मावश्यांनो, चला. थोरलीनं सुरुवात केली.