दोनशेची खूण

उना : खालचं फाटक लावलंस का येताना?

डंकन : दहा मिनिटांत परत जायचंय, वहिनी. आत आहे काय पळून जायला? तुझी मेंढरं तर घराजवळच्या कुरणात. डोंगरावरून माझ्याच कुत्र्यांनी आणून दिली.

उना : विसरले नाही मी ते.

डंकन : बोलून नाही दाखवत. पण भाऊ जाऊन दोन वर्षं झाली, तरी त्याची फाटकं काही मला सोडत नाहीत.

अ‍ॅलिक : फाटक आणि चकती. हेक्टरचे दोनच नियम होते. फाटक जसं होतं तसं करून निघायचं, आणि रायफल पेटीत घालण्याआधी तिच्या दुर्बिणीवरची अंतराची चकती परत शून्यावर आणायची. क्लबात नवा माणूस आला की नावगाव विचारायच्या आधी हे सांगायचा.

डंकन : आणि तुम्ही काय मास्तर, एवढ्या सकाळी वाळूची पोती, बाक, सगळं घेऊन? क्लबाची स्पर्धा वहिनीच्या कुरणात भरवलीत?

अ‍ॅलिक : उनानं बोलावलं. दहानंतर वायव्येचा वारा सुटतो, त्याआधी मारून मोकळं व्हायचंय. तारेला लोकर बांधलीय बघ. हलतेय?

डंकन : नाही हलत. पण मारायचं काय? वहिनी, तू फोनवर म्हणालीस, डोंगराच्या कागदावर सही झाली, येऊन घेऊन जा.

उना : झालीय. हा बघ, खिशात आहे. दहा वर्षांसाठी डोंगर तुझा. पण द्यायच्या आधी मला एक बघायचंय. त्या दिवशी तू कुठं उभा होतास, ते नीट दाखव.

डंकन : पुन्हा? हवालदाराला दाखवलं, तुला दोनदा दाखवलं.

उना : अ‍ॅलिकना नाही दाखवलंस.

डंकन : इथं. कुंपणाच्या याच खांबाला टेकून. ससा त्या फुटक्या खडकापाशी, चाळीस पावलांवर. मी मारली, ससा निसटला, गोळी खडकावर आपटली आणि सणसणत गेली ती तुझ्या कुत्र्याला लागली. मॉस तिकडं हौदावर पाणी पीत होता, हे मला दिसलंसुद्धा नाही. दुर्दैव. दुसरं काय म्हणू? सात आठवडे हेच म्हणतोय.

अ‍ॅलिक : खांबापासून हौद दोनशे चार मीटर. सकाळी मोजला मी.

डंकन : मग! दोनशे मीटरवर पॉइंट टू-टूनं कुणी ठरवून कुत्रा मारतं का? सशांची बंदूक ती. पन्नासच्या पुढं तिची गोळी म्हणजे भिरकावलेला वाटाणा. दोन दुकानदारांना विचारलं मी, दोघंही हसले.

उना : तेच बघायचंय. हौदापाशी जुन्या नांगराचा तवा उभा केलाय. मॉसच्या छातीच्या उंचीवर. अ‍ॅलिक पाच गोळ्या मारतील. वाटाण्यासारख्या विखुरल्या, तर तुझं खरं. कागद तुझ्या हातात देईन आणि या विषयावर तोंड उघडणार नाही.

डंकन : आणि नाही विखुरल्या तर?

उना : विखुरू देत, डंकन. आठवडाभर मी तेवढंच मागतेय.

डंकन : मारा हो मास्तर, खुशाल मारा! वहिनी, तमाशा बघायचा तर चहा पाहिजे. स्कोन आणलेत का?

उना : टोपलीत आहेत. चीज घातलेले. घे.

अ‍ॅलिक : आधी पेटी बघ. ही चिकटपट्टी. हवालदाराची सही, अकरा मार्च. खाली ही कुणाची?

डंकन : माझी. त्याच दिवशी रायफल परत केली मी. वहिनीनं ससे मारायला दिली होती, पण म्हटलं, आता भावाच्या वस्तूला हात लावणार नाही.

अ‍ॅलिक : पट्टी धड आहे?

डंकन : आहे.

अ‍ॅलिक : मग तुझ्याच हातानं फाड.

डंकन : कोर्टच भरवलंत की. ही घ्या, फाडली.

अ‍ॅलिक : गोळ्याही हेक्टरच्याच आहेत. एकाच खेपेच्या. दहा तऱ्हेच्या मारून बघितल्या होत्या त्यानं. ही एक या नळीला मानवली, तेव्हा अख्खं खोकं आणून ठेवलं. तू त्या दिवशी याच वापरल्यास?

डंकन : पेटीत डबी होती, त्यातलीच एक.

अ‍ॅलिक : एकच?

डंकन : एकच. स्कोन छान झालेत, वहिनी.

अ‍ॅलिक : रीत सांगतो. पहिली गोळी थंड नळीतून, रायफल पेटीतून निघाली तशीच. चकतीवरचं टोपणसुद्धा उघडायचं नाही. हेक्टरची रायफल पन्नास मीटरला बसवलेली. दोनशेवर ती गोळी पावणेदोन मीटर खाली जाते, म्हणजे माणसाच्या उंचीइतकी. तव्याच्या बरंच अलीकडं माती उडेल. मग चकती फिरवून उरलेल्या चार मारीन.

डंकन : छे छे. चकती फिरवायची नाही. मी फिरवली नव्हती, तुम्हीही फिरवायची नाही. फिरवून मारलीत तर ती तुमची रायफल झाली, त्या दिवशीची कुठं राहिली? पाचही तशाच मारा.

अ‍ॅलिक : पाचही मातीत जातील.

डंकन : जाऊ देत की! दुसरं काय सांगतोय मी?

अ‍ॅलिक : तू कधीच फिरवली नाहीस चकती?

डंकन : मला येतही नाही, मास्तर. तुमच्या क्लबातली थेरं ती. अमुक वाऱ्याला इतके खटके, तमुक अंतराला तितके खटके. आम्ही शेतावरची माणसं. ससा दिसला, मारला.

अ‍ॅलिक : उना, काय करू?

उना : तो म्हणतो तसंच करा.

अ‍ॅलिक : बरं. डंकन, मोठी दुर्बीण तू घे. माती कुठं उडते ते सांग.

डंकन : सांगतो. त्या थाइमच्या झुडपांत उडेल बघा. पैज लावा.

अ‍ॅलिक : आता कुणी बोलू नका. उना, लोकर?

उना : सरळ लोंबतेय.

अ‍ॅलिक : मारतो.

डंकन : माती नाही दिसली. अजून अलीकडं पडली असेल.

उना : तवा वाजला, डंकन.

डंकन : कसला तवा? हौदाचा पत्रा तडकला असेल उन्हानं.

अ‍ॅलिक : माती बघू नकोस या खेपेला. तवा बघ. दुसरी मारतो.

उना : वाजला.

अ‍ॅलिक : कुठं बसली?

डंकन : बसलीय. डावीकडं, जरा खाली. पण मास्तर, तुम्ही नेम वर धरताय. क्लबातले नेमबाज तुम्ही, हातालाच सवय तुमच्या.

अ‍ॅलिक : तव्याच्या मधोमध धरतोय. ये, बस इथं. रायफल हलवू नकोस, नुसतं बघ. फुली कुठं आहे?

डंकन : मधोमध.

अ‍ॅलिक : मग तिसरी तू मार.

डंकन : मी म्हटलं ना, या रायफलीला हात लावणार नाही.

अ‍ॅलिक : सरक तर मग. तिसरी.

उना : वाजला.

अ‍ॅलिक : चौथी.

उना : वाजला.

अ‍ॅलिक : पाचवी मारायची गरज नाही, उना.

उना : पाच म्हणाले होते. पाच मारा.

अ‍ॅलिक : ही घे.

डंकन : बस्स! कळलं. तवा वाजला, कळलं.

अ‍ॅलिक : पाचही तव्यावर, वीतभर जागेत. आता टोपण उघडतो. दोघंही वाका, माझ्या एकट्याच्या शब्दावर नको. हा लाल ठिपका म्हणजे शून्य. मेंढरांना खूण करायच्या रंगाचा आहे, हेक्टरनं लावलेला. आणि त्याच्याच हातचे हे आकडे. शंभर, दीडशे, दोनशे. रेघ कुठं आहे, उना?

उना : दोनशेवर.

डंकन : शक्यच नाही. मी ती परत फिरवली होती.

उना : परत?

डंकन : म्हणजे, मला म्हणायचंय की...

उना : चहा पी. घाई नाही. परत फिरवली म्हणालास.

डंकन : वहिनी.

अ‍ॅलिक : चकती फिरवता येत नाही म्हणाला होतास.

डंकन : तुम्ही गप्प बसा हो मास्तर! आमच्या घरचं आहे हे.

अ‍ॅलिक : कुत्रा मेंढरांत शिरून चावत होता म्हणून मारला म्हणाला असतास, तर कायदा तुझ्या बाजूनं होता. एक शब्द कुणी काढला नसता.

डंकन : मॉस? आणि मेंढरांत? या खोऱ्यात कुणी मानलं असतं?

उना : कुणीच नाही.

डंकन : मग! आणि तू तरी ऐकत होतीस का? एकसष्ट वर्षांची बाई, गुडघा तसला, आणि गळ्यात शिट्टी अडकवून एकटी डोंगरावर. भाऊ असाच वर गेला ना? बर्फात तिसऱ्या दिवशी सापडला, आणि उचलून कुणी आणला? मी आणला. तुलाही तसंच आणायचं होतं का मी? डोंगर दे म्हटलं, पाच वेळा म्हटलं, भाडं तू सांगशील ते. तुझं एकच. मॉस आहे. दर वेळी, मॉस आहे माझा.

उना : होता.

डंकन : कुत्रा होता तो, वहिनी. माणूस नव्हे.

उना : पाणी पीत नव्हता तो.

डंकन : काय?

उना : हौदावर. तू हवालदाराला सांगितलंस, पाणी पीत होता. मी वर कड्यापाशी होते, मला दिसत होतं. कुत्र्याला हुकूम द्यायच्या हेक्टरच्या शिट्ट्या यायला मला दीड वर्ष लागलं. मी चुकले की मॉस थांबायचा, वळून बघायचा, पुन्हा वाजव म्हणून. मास्तर खरा तोच. त्या दिवशी पहिल्यांदाच मी एकही चूक न करता त्याला हौदापर्यंत नेला. मग थांबायची शिट्टी दिली. तो थांबला. शिट्टी दुसरी येईपर्यंत तो हलणार नव्हता. तुला माहीत होतं ते.

डंकन : मी नाही ऐकली शिट्टी.

उना : वारा नव्हता. आजच्यासारखाच. खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू जाते ती. तू चकती लावून खांबाला टेकलास, आणि मी त्याला तुझ्यासाठी उभा केला.

अ‍ॅलिक : उना, बस कर.

उना : सात आठवडे मी त्या खडकावर गोळीचा ओरखडा शोधतेय, अ‍ॅलिक. रोज सकाळी. सापडावा म्हणून. एक जरी सापडला असता, तरी तुम्हाला बोलावलं नसतं.

डंकन : झालं ते झालं. आता काय, कागद फाडणार?

उना : कशाला? हा घे.

अ‍ॅलिक : डोकं फिरलंय का तुझं?

उना : डोंगराच्या तिन्ही बाजूंनी याची जमीन, अ‍ॅलिक. वाट याच्यातून जाते. दुसरा कोण घेणार आहे? नवा कुत्रा तयार व्हायला दोन वर्षं. माझा गुडघा दोन वर्षं थांबणार नाही. आणि मेंढरं त्याच्या कुत्र्यांनी खाली आणली, हेही खरंच आहे. त्याची गोळी जिथं लागायची तिथंच लागली.

डंकन : असं दिलेलं मी कसं घेऊ, वहिनी?

उना : मिळवलंस तसं. बाकावर ठेवलाय. लोकर हलायला लागली बघ, उडून जाईल. उचल. आणि वहिनी म्हणायचं आजपासून बंद.

(डंकन कागद उचलतो. त्याची गाडी सुरू होते आणि उताराला लागते.)

अ‍ॅलिक : घेतला त्यानं.

उना : बघितलं मी.

अ‍ॅलिक : मला वाटलं होतं, घेणार नाही.

उना : मलाही वाटलं होतं. थोडंसं.

अ‍ॅलिक : हवालदाराला सांगू या?

उना : काय सांगणार? कुत्रा होता तो. चला, पोती आवरा. आणि चकती शून्यावर आणा.

अ‍ॅलिक : आणली.

उना : फाटक दिसतंय का तुमच्या दुर्बिणीतून?

अ‍ॅलिक : दिसतंय. उघडंच टाकलंय त्यानं.