वासंतीचा तिसरा प्रयत्न

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला मोटरसायकलच्या लर्नर्स लायसन्सआधीचं सक्तीचं ट्रेनिंग चालू होतं. मैदानात वळणांवर प्लास्टिकचे कोन मांडले होते. सानिका बाकावर आपल्या नंबरची वाट बघत होती. पन्नाशीच्या एक बाई हेल्मेट काढून शेजारी बसलेल्या आपल्या नवऱ्याजवळ धपकन बसल्या आणि चक्क मराठीत बोलू लागल्या.

"दोनदा कोन पाडला, अहो. मला नाही जमायचं."

"वळताना खाली बघतेस तू."

"तुम्हाला इथून दिसलं?"

"आवाजावरून कळलं. तीस वर्षं गाडी चालवलीय, वासंती."

"फुल लायसन्स मिळेपर्यंत मागे कुणाला बसवायचं नाही म्हणे. वर्ष तरी जाईल. आणि डॉक्टर म्हणतात, तोवर तुमची नजर..."

"जाऊ दे गं. मला वारा लागला की झालं. समोर काय दिसतंय ते तू सांगशील."

"हेल्मेटमधून ऐकू येणारेय का तुम्हाला?"

"तू बोललीस आणि मला ऐकू आलं नाही, असं झालंय कधी?"

बाई हसल्या. तेवढ्यात इन्स्ट्रक्टरने त्यांना तिसऱ्या प्रयत्नासाठी हाक मारली. नवऱ्याने चाचपडत त्यांच्या हेल्मेटचा पट्टा लावून दिला.

गाडी सुरू झाली. ते मान तिरकी करून आवाज ऐकत राहिले. इंजिन थांबलं, तरी त्यांनी श्वास सोडला नाही.

"एकही कोन पडला नाही, काका," सानिका म्हणाली.

ते तिच्या दिशेने वळले.

"मराठी का तू? मग सांग, चेहरा कसाय तिचा?"

"हसतायत काकू."

"असं नाही. नीट बघून सांग. कशी हसतेय?"