ब्लांदीनच्या लग्नाची वाइन आणि बारा सायकलवाले

...आणि ती चड्डी! नाही, आधी मला चड्डीबद्दल बोलू द्या, वाइनचं नंतर सांगतो. साठीची माणसं हो, कुणी डॉक्टर, कुणी बँकेतला साहेब, घरी नातवंडं असतील, आणि अंगाला चिकटलेली ती काळी चड्डी घालून, तीही मागे उशी शिवलेली, आमच्या चर्चसमोर उभी राहतात आणि म्हणतात, किती शांत गाव आहे! अहो, होतं, तुम्ही येईपर्यंत. तुम्हाला सांगतो, मी लेओंस, बरगंडीत जन्मलो, इथंच द्राक्षं पिकवली, इथंच वाइन केली, बापानं केली, आज्यानं केली, आणि आमच्या घराण्यात सायकलवर कुणी बसलं असेल तर पोस्टात जायला, नाहीतर पलीकडच्या गावच्या पोरीला भेटायला. काम झालं की उतरले. आणि हे? हे चढ शोधत येतात! गाडी नाही म्हणून नव्हे, गाडी असते, मागून येतेच, तिच्यात बॅगा आरामात बसून येतात आणि मालक पुढे घामानं निथळतात. पैसे देऊन घाम गाळतात हो, पैसे देऊन.

तर गोष्ट लग्नाच्या आठवड्यातली. माझी एकुलती एक मुलगी, ब्लांदीन, तिचं शनिवारी लग्न. आता आमच्याकडे पद्धत अशी, की घरात मूल जन्मलं की त्या वर्षीच्या वाइनच्या बाटल्या तळघरात बाजूला ठेवायच्या आणि त्याच्या लग्नात उघडायच्या. ठेवल्या होत्या, भरपूर ठेवल्या होत्या, पण एक बाप्तिस्म्याला उघडली, एक ती पदवी पास झाली तेव्हा, दोन माझा बाप गेला तेव्हा, असं करत करत उरल्या सहा. त्या सहांवर मी नागासारखा बसून होतो. कारण? कारण व्याही! व्याही कुठले विचारा. बोर्दोचे, म्हणजे वाइनमधले आमचे पिढीजात वैरी. सगळा फ्रान्स पडला होता, उत्तरेला पडला होता, दक्षिणेला पडला होता, पोरीनं मुलगा शोधला बोर्दोचा. आणि साखरपुड्याला व्याही, मस्यू देल्मास, माझ्या घरात, माझ्या टेबलावर, माझी वाइन एक घोट पिऊन काय म्हणाले असतील? म्हणाले, "हलकी आहे. छान. दुपारी चालेल." दुपारी चालेल! मी मनात म्हटलं, थांब लेका, लग्नाच्या दिवशी ब्लांदीनच्या वर्षाची ओततो, मग बघू कुणाची दुपार होते ते.

गुरुवारी बाराच्या ठोक्याला दार वाजलं. बाराच्या ठोक्याला! अहो, या देशात घराला आग लागली तरी लोक दोन वाजेपर्यंत थांबतात, आधी जेवतात. दारात तिबो. तिबो म्हणजे आमच्या शेजारच्या कोकारचा पुतण्या, इतिहास शिकला, नोकरी मिळेना, म्हणून आता सायकलवाल्यांना जुने किल्ले नि मठ दाखवत हिंडतो. मागे बारा हॉलंडवाले, सगळ्यांच्या डोक्यावर त्या भोकाभोकांच्या टोप्या. "लेओंसकाका, जरा वाइन चाखवाल का यांना?" मी म्हणणार होतो चालता हो, तेवढ्यात आतून बायको, सोलांज, "अरे बिचारे दमलेत, घे की आत." दमलेत! कुणी सांगितलं होतं दमायला? पैसे देऊन घाम गाळतात आणि वर बिचारे!

बरं, आत यायचं तर माणसांनी यावं. नाही, सायकलीही आत. म्हटलं, बाहेर ठेवा, भिंतीला. तर त्यांच्यातली एक उंच बाई, हेन्द्रिका तिचं नाव, अगदी गोड आवाजात म्हणते, "चोरीला गेल्या तर?" बाई, आमच्या गावात चर्चला कुलूप नाही, तिथला येशू अजून जागेवर आहे, तुझी सायकल कोण नेतंय? पण तिबो कानात म्हणाला, "काका, एकेक सायकल तुमच्या ट्रॅक्टरपेक्षा महाग आहे." काय करणार? उतरवल्या बारा सायकली तळघरात आणि लावल्या कुठे, तर थेट रोजच्या वाइनच्या थप्पीपुढे ओळीनं. आता वाइनवाल्याच्या तळघरात बाटल्यांवर लेबल नसतं, हे तुम्हाला माहीतच असेल, लेबल आम्ही विकायच्या वेळी डकवतो, तोवर सगळ्या कोऱ्या. कुठली कुठं ते आमच्या हाताला ठाऊक. हात बरोबर जातो. फक्त हातापुढे बारा हँडलं, चोवीस चाकं आणि एक घंटी नसावी! मी आपला सायकलींवरून पोटावर आडवा झालो, पलीकडे चाचपलं, गुळगुळीत स्वच्छ बाटली लागली, ओढली, उघडली, ओतली.

आणि मी चाखली नाही. रीत अशी, की वाइनवाल्यानं आधी स्वतः चाखायची, मग पाहुण्याला द्यायची. मोडली रीत. का? कारण मला त्या चड्ड्यांबरोबर ग्लासाला ग्लास लावायचा नव्हता! हात मागे बांधून उभा राहिलो, पोलिसासारखा.

त्यांनी घोट घेतला. बाराही तोंडं वाकडी झाली. मग एकामागून एक बादलीत, थू, थू, थू. आता चाखून बादलीत थुंकायची रीत आहेच आमच्यात, त्यात काही नाही, पण इतक्या घाईघाईनं? मला तर बरंच वाटलं. मनात म्हटलं, बरोबर, गाढवाला गुळाची चव काय! ती हेन्द्रिका जवळ आली आणि हळूच म्हणाली, "ही बरीच जुनी आहे का हो?" मी म्हटलं, "जुनी? बाई, ही गेल्या वर्षीची, इथं ट्रॅक्टरवाले पितात, तुमच्याकडे दुधाबरोबर काय पितात मला माहीत नाही." मग ते आपसात काहीतरी कुजबुजले आणि पाच बाटल्या मागितल्या. लहान तळघरात फुकट चाखून रिकाम्या हातानं निघू नये, एवढी तरी समज तिबोनं त्यांना दिली होती. मी पुन्हा आडवा झालो, त्याच कप्प्यातून पाच काढल्या, माझ्या हातानं, या हातानं, गेल्या वर्षीचं लेबल डकवलं, आणि त्यांनी त्या कुठे ठेवल्या? सायकलच्या दांडीला पाण्याची बाटली अडकवायचा पिंजरा असतो ना, त्यात! वाइनची बाटली, पिंजऱ्यात, उन्हात, गचके खात. गेले. मी सूप गरम करायला लावलं.

पहिला चमचा तोंडाशी नेला आणि तळघरातून सोलांजचा आवाज. ओरडली नाही, तेच वाईट. "लेओंस, ब्लांदीनच्या बाटल्या मी कालच पुसून ठेवल्या होत्या, लग्नात बुरशी नको म्हणून. त्या कुठे आहेत?"

पुसून! सव्वीस वर्षांची बुरशी, कोळ्याची जाळी, त्यावरून तर हाताला कळतं, रोजचा कप्पा कुठला आणि शेजारचा ब्लांदीनचा कुठला! पण बायकोशी भांडायला वेळ होता का? गाडी ब्लांदीननं नेलेली, शिवणारणीकडे. ट्रॅक्टर काढावा तर तिबो त्यांना मळ्यांमधल्या अरुंद वाटेनं घेऊन गेलेला, तिथं ट्रॅक्टर घातला असता तर कोकारची अर्धी बाग उपटून आली असती. राहिलं काय? सोलांजची सायकल. पुढे पावाची टोपली असलेली. मी, लेओंस, टोपलीच्या सायकलवर!

कोकार आपल्या बांधावर उभाच होता, जन्मभर तिथंच उभा आहे. "लेओंस, चड्डी विसरलास की रे!" मी उत्तर दिलं नाही, उत्तराला श्वास लागतो. तुम्हाला सांगतो, आमचा मुलूख सपाट आहे असं मी जन्मभर समजत होतो, कारण मी तो ट्रॅक्टरवरून बघितला होता. चढ! नुसता चढ! पुढच्या गावाला जुना किल्ला आहे, लांबून लांबून लोक बघायला येतात, तो डोंगराच्या टोकावर बांधणाऱ्या सरदाराला मी अशा शिव्या दिल्या की त्याचा वंश असेल तर बुडाला असेल. त्याच्या पुढच्या गावाला मठ. मी त्या मठाच्या भिंतीला टेकून, जीभ बाहेर काढून, देवाचा धावा करत उभा होतो, तेवढ्यात कुणीतरी खटकन फोटो काढला आणि बायकोला म्हणाला, "बघ, अस्सल फ्रेंच शेतकरी, दुपारची प्रार्थना करतोय." पैसे देऊन घाम गाळतात म्हणून मी हसत होतो, आणि इथं मी फुकट गाळत होतो, तोही लग्नाच्या दोन दिवस आधी, मुलीचा बाप!

सापडले. तिसऱ्या गावात कपडे धुवायचा जुना दगडी हौद आहे, त्यात पाय सोडून बसले होते बाराच्या बारा. पाचही बाटल्या काठावर ठेवलेल्या, बंद. मला रडू आलं हो, खरंच आलं. मी म्हटलं, "बाई, चूक झाली, ती माझ्या मुलीच्या लग्नाची वाइन आहे, काय मागाल ते देतो, पण परत द्या." वाटलं, आता अडवतील, भाव करतील, मी केला असता. तर हेन्द्रिका काय म्हणते? "घ्या ना, घ्या, सगळ्या घ्या," आणि बाकीचे अकरा मान हलवतायत, अगदी जोरजोरात. एक म्हातारा तर म्हणाला, "आम्ही इथंच ठेवून जाणार होतो." मनात म्हटलं, बघा, हिऱ्याची पारख नाही ती नाहीच.

आता परत कसा जाणार? पाय तर गेले होते. शेवटी त्यांच्या सामानाच्या गाडीत, पुढे सोबतीला हेन्द्रिका आणि मागे मी, दोन बॅगांच्या मधे, मांडीवर पाच बाटल्या आणि डोक्यावर सोलांजची सायकल, असा मी माझ्या गावात शिरलो. कोकार बांधावर होताच. सोलांजनं मला उतरवून घेतलं, हेन्द्रिकाचे हात हातात घेतले आणि मला न विचारता म्हणाली, "शनिवारी लग्नाला यायचं, सगळ्यांनी."

आले. शनिवारी झाडून बारा आले, दुसरे कपडे होते त्यांच्याकडे, देवाची कृपा. मी त्यांना दाराजवळच्या टेबलावर बसवलं आणि त्यांच्यापुढे रोजची वाइन ठेवली, गेल्या वर्षीची, यांना काय कळतंय. आणि ब्लांदीनची वाइन मधल्या टेबलावर, व्याह्यांपुढे. भाषण केलं मी. बापलेकीचं सांगितलं, मातीचं सांगितलं, काही लोक कशाला हलकी म्हणतात तेही सांगितलं, मस्यू देल्मासकडे बघून. आणि या वेळी रीतीप्रमाणे घोट आधी मी घेतला.

मेलेली होती हो. कधीच मेलेली. ओला पुठ्ठा आणि व्हिनेगर. त्या वर्षी तोडणीभर पाऊस होता, द्राक्षं पाणचट, सगळं गाव म्हणालं होतं, लेओंस, ही टिकायची नाही. पण पोर त्याच वर्षी झाली, तिला काय पुढच्या सालापर्यंत थांब म्हणायचं होतं? साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि ब्लांदीन तर ग्लास छातीशी धरून उभी होती, डोळ्यांत पाणी. मी गिळली. म्हटलं, "वा." तिनं गिळली, म्हणाली, "बाबा, वा." सोलांज प्यायली, कोकार प्यायला, आमचा पाद्री प्यायला, सगळे जन्माचे वाइनवाले, एकानं पापणी हलवली नाही. असं गाव आहे आमचं.

आणि दाराजवळ? दाराजवळ बाटल्यांमागून बाटल्या, ग्लासाला ग्लास, गाणी, तो हौदावरचा म्हातारा खुर्चीवर उभा! हेन्द्रिका ग्लास उजेडाला धरून माझ्याकडे बघते आणि लांबूनच छातीवर हात ठेवते. मस्यू देल्मास बराच वेळ तिकडे बघत होते. मग त्यांनी आपला ग्लास हळूच दूर सारला, खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि म्हणाले, "लेओंसभाऊ, राग मानू नका, पण ते लोक काय पितायत? ती थोडी इकडे मिळेल का?"

काय करतो? उठलो. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, स्वतःचीच वाइन मागायला, बारा सायकलवाल्यांपुढे रिकामा ग्लास धरून उभा राहिलो, आणि त्यांनी सांगितलं, "थोडं थांबा हं, पुढची उघडतोय."